शिडीवाल्यांची उज्ज्वला

उज्ज्वला, ऐक. आधी बातमी सांगते, रडायचं ते मागून बघू.

तुझी मिरची लागली! आणि नुसती लागली नाही गं, तिने आजूबाजूच्या सगळ्या मिरच्यांना बिघडवून ठेवलंय. तिकडे इटलीत, तुझ्या डोंगरवाडीत, गल्लीभर बोंबाबोंब चालू आहे. रविवारी दुपारी मी इथे सिंगापुरात, बेडोकच्या मार्केटात चवळीच्या शेंगा निवडत उभी होते आणि फोन वाजला. पास्क्वालेचा. आधी तो तुझा नंबर लावत होता म्हणे, लागेना, म्हणून मग माझा. हॅलो नाही, काही नाही, थेट सुरूच. "सिन्योरा शुभदा, डिझॅस्टर! टोटल डिझॅस्टर!" आणि हसतोय कसला, खो खो. मागून त्याची आई ओरडतेय, तिच्याही मागून आणखी कुणी बाई ओरडतेय, आणि मी एका हातात शेंगांची जुडी धरून "व्हॉट हॅपन्ड, व्हॉट हॅपन्ड" करतेय. भाजीवाल्या अंकलला वाटलं माझ्या घरात काहीतरी झालं.

ऐकता ऐकता माझं अर्धं डोकं हेच ठरवत होतं, की तुला हे कसं सांगायचं. लगेच फोन करावा, की संध्याकाळी तुझ्या ब्लॉकखालच्या बाकावर बसून, तुझा चेहरा बघत बघत सांगावं? बघ, इतकी हरखले होते की तू नाहीस हेच विसरले. तू जाऊन अजून महिनाही झालेला नाही. आठवलं तेव्हा हातातली जुडी खाली पडली.

पण थांब. ती बातमी पुरी सांगायची तर आधी तू मला त्या गावात कसं नेलंस तेही सांगायला हवं. तुला माहीत आहे, पण मला पुन्हा सांगायचंय. सध्या जो भेटतो तो तुझ्याबद्दल एकाच सुरात बोलतो. किती हुशार होती, किती शिस्तीची होती, जुरोंग आयलंडवर एवढ्या मोठ्या प्लांटची जबाबदारी एकटीने कशी सांभाळायची. सगळं खरं आहे. पण तुझा वेडेपणा कुणालाच ठाऊक नाही, आणि मला तर तुझी तीच बाजू जास्त ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने तुला ट्रेनिंगला इटलीत धाडलं. अगदी खाली, दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका कारखान्यात. मी बँकेतल्या त्या कॉम्प्युटरसमोरून रजा टाकून तुझ्या मागे आले. शनिवारी आपण बीचवर जायचं ठरलं होतं. मी खास टोपी घेतली होती, रुंद काठाची. मधला डोंगर ओलांडून बस पलीकडच्या किनाऱ्याला उतरणार होती. वळणावळणांनी मला मळमळायला लागलं, मी डोळे मिटून आवळासुपारी चघळत होते, आणि तू माझ्या कानात किंचाळलीस, "शुभे, मिरची!"

डोळे उघडले तर समोर उतारावर ते गाव. घरावर घर रचलेलं, खालच्याचं छप्पर तेच वरच्याचं अंगण. आणि प्रत्येक गॅलरीतून, प्रत्येक खिडकीतून लालभडक मिरच्यांचे हार लोंबत होते. काही घरांच्या तर भिंतीच दिसत नव्हत्या. तू घंटीचं बटण दाबून मोकळी. मी म्हटलं, "अगं, बीच!" तू म्हणालीस, "बीच काय पळून जाऊन राहिला का?" ड्रायव्हरने आपल्याला फाट्यावर उतरवलं आणि बस निघून गेली. तो बीच मी आजतागायत बघितलेला नाही.

डोंगरवाडी हे नाव तूच ठेवलंस. खरं नाव कुठल्याशा संताचं, लांबलचक, आणि ते उच्चारताना तुझी प्रत्येक वेळी वेगळी चूक व्हायची.

पहिल्याच चढावर, दारात खुर्ची टाकून असुंता बसली होती. मांडीवर मिरच्यांचा ढीग, हातात हे एवढं दाभण, आणि देठातून दोरा ओवणं चालू. तू विचारलं नाहीस, पुसलं नाहीस, तिच्या शेजारी पायरीवर फतकल मारलीस. तिनेही तुला काही विचारलं नाही. आत गेली, वाळलेल्या दोन मिरच्या तेलात क्षणभर तळून, मीठ भुरभुरवून घेऊन आली. तू डोळे मिटलेस. तोंड आधीच 'स्स' करायच्या तयारीत. कचकन चावलीस आणि तुझा चेहरा काय झाला गं! रेशनच्या रांगेत उभं राहून हाती काहीच न लागलेल्या माणसासारखा.

"गोड आहे," तू म्हणालीस. "शुभे, ही गोड आहे. ही मिरची आहे का बिस्कीट?"

मला मात्र जाम आवडली. मी तुझ्या वाट्याचीही खाल्ली आणि म्हटलं, "चला, अखेर जगात एक गाव सापडलं जिथली मिरचीसुद्धा पुणेरी आहे." तू मला कोपर मारलंस, चांगलं जोरात.

तेवढ्यात पास्क्वाले आला. असुंताचा मुलगा, पन्नाशीचा, जर्मनीतल्या कारखान्यात बरीच वर्षं काढून गावी परतलेला. त्याला आपलं काम चालेल इतपत इंग्रजी येत होतं. असुंताने तुझ्याकडे बघत त्याला काहीतरी विचारलं. तो जरा संकोचला. म्हणाला, आई विचारतेय, तुम्ही कुणाच्या. आमच्याकडे हे सगळ्यांनाच विचारतात. नाव नंतर, आधी कुणाची ते.

तुझ्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थांबलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळलं. मला बुकित तिमाहच्या त्या कॉन्डोतली दिवाळी आठवली. आपण दोघी नव्यानेच ओळखीच्या झालो होतो. फराळाच्या टेबलापाशी एका बाईंनी तुला विचारलं, "नागपूरच्या का? छान. आडनाव काय म्हणालात?" तू सांगितलंस. त्या म्हणाल्या, "हो का." हे 'हो का' म्हणण्याची एक खास पद्धत असते आपल्या लोकांत, सगळा हिशेब त्यात मिटतो. पुढे संध्याकाळभर त्या माझ्याशीच बोलत राहिल्या. परतताना एमआरटीत तू शांतपणे म्हणालीस, "विमानाने आले, डॉक्टरेट केली, प्लांट चालवते. तरी पहिला प्रश्न तोच." मी इतकी चिडले होते की आपलं स्टेशन चुकलं. तुझ्याऐवजी मीच चिडते याची तुला गंमत वाटायची. तू म्हणायचीस, "तू नवी आहेस यात."

तर त्या पायरीवर मला वाटलं, झालं, आता ही उठणार. तू उठली नाहीस. पर्स उघडलीस. आतून ती स्टीलची डबी काढलीस. प्रवासात एक वेळ तुझा पासपोर्ट राहिला असता, डबी नाही. तुझ्या आजोळची, भिवापूरची, वाळलेली मिरची त्यातून काढून तू असुंताच्या तळहातावर ठेवलीस आणि पास्क्वालेला म्हणालीस, "टेल हर, आय बिलॉन्ग टू धिस."

मी "नो, नो, स्मॉल पीस" म्हणेपर्यंत त्या बाईने अख्खी मिरची तोंडात टाकली होती.

बापरे! ती लाल झाली, मग जांभळी झाली. खोकतेय, छातीवर थापा मारतेय, पास्क्वाले पाणी आणायला धावतोय, समोरची फिलोमेना गॅलरीतून वाकून विचारतेय काय झालं, कोण मेलं. मी तर पोलिसांना काय सांगायचं याची इंग्रजीत जुळवाजुळव सुरू केली होती. आणि तू? तू तिच्या पाठीवरून हात फिरवत मराठीत सांगत होतीस, "काही नाही बाई, उतरेल, आता उतरेल." मग असुंताने ॲप्रनला डोळे पुसले, तुझ्या मांडीवर सणसणीत थाप मारली आणि इतकी हसली, इतकी हसली की तिलाही आवरेना आणि तुलाही. पास्क्वाले म्हणाला, आई म्हणतेय, आता कळलं कुणाची ते.

मग तिने आपल्याला घराघरांची ओळख करून दिली. तिथे आडनावं कागदावर असतात, गल्लीत चालतात ती टोपणनावं. असुंताचं घर शिडीवाल्यांचं, कारण तिच्या आजोबांकडे गल्लीतली एकमेव उंच शिडी होती आणि हार लावायला सगळे तीच न्यायचे. फिलोमेनाचं घर बहिऱ्यांचं. त्यांच्या पणजोबांना ऐकू येत नव्हतं, तेव्हापासून सगळं घर बहिरं, आणि फिलोमेनाला तर तीन गल्ल्यांपलीकडचं ऐकू येतं. तुझं नावही तिथल्या तिथे पडलं, तिखटवाली. डबीतल्या उरलेल्या मिरच्या असुंताने मोडल्या आणि बिया रुमालाच्या कोपऱ्यात बांधल्या.

परतीच्या बसमध्ये आपला पहिला वाद झाला. मी म्हटलं, लागली तरी ती मिरची तिथे गोड होणार. तिथली माती, तिथलं पाणी, दोन वर्षांत तीही येणाऱ्या-जाणाऱ्याला बोन्जोर्नो करायला लागेल. तू सीटवर अर्धी उठून बसलीस. "काय बोलून राहिली तू! माझी मिरची गोड होणार नाही. त्यांचीच तिखट होऊन जाईल, बघशील." मी हसले. इंजिनिअर बाई, म्हटलं, भावना बाजूला ठेवा.

इथे आल्यावर असुंताने दिलेला तो हार तू तुझ्या दाराबाहेर टांगलास. ऑक्टोबर महिना, आणि चिनी लोक दारात लाल टांगतात ते त्यांच्या नव्या वर्षाला, फेब्रुवारीच्या सुमाराला. लिफ्टमधल्या चिनी आजी दररोज थांबून बघायच्या. शेवटी एकदा न राहवून म्हणाल्या, "न्यू इयर डेकोरेशन, आह? सो अर्ली!" तू त्यांनाही एक मिरची खायला घातलीस. त्यांना आवडली. तू पुन्हा नाराज.

पुढच्या वर्षी तू एकटी गेलीस. मला म्हणालीस चल, मला रजा नव्हती. तिथून तू मला जो फोटो पाठवलास तो अजून माझ्या फोनवर आहे. शिडीच्या वरच्या पायरीवर तू, खांद्यावर मिरच्यांचा हार, खाली असुंता दोन्ही हातांनी शिडी धरून तुला ओरडतेय. तू इतकी मोठ्याने हसतेस की तोंडातली मागची दाढ दिसते. प्लांटमधल्या हेल्मेटवाल्या एकाही फोटोत तुझी दाढ दिसत नाही.

आणि परत आलीस ती ठरवूनच आलीस. कंपनीचा करार संपला की पास संपणार, पास संपला की सिंगापूर संपणार. कायम राहायची परवानगी, ती पीआर, तुझी कधी झाली नाही, त्यावर बोलायचं आपण सोडूनच दिलं होतं. असुंताच्या जिन्याला लागून तिच्या वारलेल्या भावाचं घर रिकामं पडलेलं, ते तू भाड्याने घेऊन टाकलंस. व्हिसाची कागदपत्रं सुरू केलीस. तुझ्या लेकीने, मैत्रीने, तर टाळ्या वाजवल्या. "आई, यू गो लाह! आय कम एव्हरी समर, फ्री हॉलिडे." तुमच्या घरात सगळ्याच वेड्या.

मीच तेवढी विरोधात. आणि उज्ज्वला, मी त्याबद्दल माफी मागणार नाही, कारण मला जे वाटलं ते मी तोंडावर बोलले. हॉकर सेंटरमधलं आपलं ते पंख्याखालचं टेबल. तू दुसरी कॉफी आणली होतीस. मी म्हटलं, "तू तिथे पाहुणी आहेस. पाहुण्याचं सगळ्यांना कौतुक असतं. राहायला जा, मग बघ. ती माणसं तुला आपली म्हणणार नाहीत."

"म्हणतात."

"तुझ्या मिरचीचं कौतुक आहे त्यांना. तुझं नाही."

"शुभे, तिथं मला विचारलं, कुणाची तू. बरोबर? आणि उत्तर मी दिलं. माझं मी ठरवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ते त्यांनी मानलं."

"एका दुपारपुरतं मानलं!"

"नागपूरला जाऊ म्हणतेस? तिथं भावाची सून मला 'आत्या, परत कधी' असं विचारते, आल्या दिवशीच."

"इथे मी आहे ना!" मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरचे आजोबा नूडल्स थांबवून बघायला लागले.

तू माझ्याकडे बघितलंस, चिडून नाही, आणि म्हणालीस, "तू आहेस ना बाप्पा. तू आहेसच. पण तू एकटी आहेस. एक माणूस म्हणजे गाव नसतं."

मला ते लागलं. लागलं म्हणजे जिव्हारी लागलं. मी ट्रे उचलला. तू म्हणालीस, "ठेव तो, कॉफी आहे अजून." मी ठेवला, बसले, कॉफी प्यायले, पण मी हट्टाने दुसराच विषय काढला. मैत्रीची नोकरी, माझं गुडघ्याचं दुखणं. पुढे जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा त्या विषयाला आपण दोघींनी बगल दिली. मला वाटत होतं, सावकाश पटवीन हिला. तुला वाटत असणार, ही येईल तिथे आणि बघेल.

मग एक दिवस सकाळी कंपनीच्या बसची वाट बघता बघता तू गेलीस. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. बस अजून येते, मला खिडकीतून दिसते.

हं. तर बातमी.

असुंताने तुझ्या बिया लावल्या, हे तुला माहीत होतं. त्या पहिल्याच वर्षी उगवल्या आणि छान तिखट निघाल्या, तेही तू बघून आलीस. पण असुंताच्या वाफ्याची कड आणि फिलोमेनाच्या वाफ्याची कड एकच. मधमाश्यांना कोण सांगणार, ही बहिऱ्यांची, ती शिडीवाल्यांची? फिलोमेनाने नेहमीप्रमाणे स्वतःच्या झाडांचं बी धरलं, यंदा लावलं, मिरच्या आल्या, दिसायला अगदी पहिल्यासारख्या, लांबोडक्या, गोंडस. हार झाले. वाळल्या. आणि दरवर्षी ती पहिली तळलेली मिरची गावच्या पाद्रीबाबांना देते, तशी यंदाही दिली!

पाद्रीबाबा प्रार्थना अर्धवट टाकून चौकातल्या नळाकडे धावले गं! पास्क्वाले सांगताना इतका हसत होता की त्याला दोनदा थांबावं लागलं. आता गल्लीत कुणालाच कळत नाही, हारातली कुठली मिरची गोड आणि कुठली तुझी. बाहेरून सगळ्या सारख्या. जेवायला बसायचं म्हणजे जुगार झालाय. पोरं मुद्दाम पैजा लावून खाताहेत. म्हातारे रागावलेत, पण तेही हळूच एखादी मागून घेतात. आणि फिलोमेना! फिलोमेना म्हणे रोज सकाळी गॅलरीत उभी राहून विचारते, ती बाई कधी येतेय, मला तिच्याशी भांडायचंय. "व्हेन शी कम्स?" पास्क्वालेने मला विचारलं. "हाउस इज रेडी. व्हाइट पेंट, ऑल रेडी. फिलोमेना इज वेटिंग टू फाइट."

भांडायला कुणीतरी वाट बघत होतं तुझी. मी तिथे बाजारात उभी राहून मोठ्याने हसले. तो हसत होता, मीही हसत होते, आणि मग त्याने पुन्हा विचारलं, "सो? व्हेन?"

माझ्याच्याने ते इंग्रजीत बोलवेना. मराठीत आपण म्हणतो, गेली. त्यात जरा आडोसा असतो. शेवटी म्हटलं, "पास्क्वाले, उज्ज्वला डाइड." इतकं कोरडं. मग त्याने आईला सांगितलं, आणि असुंताचा आवाज आला. त्यातला एकही शब्द मला कळला नाही आणि समजायचं काही राहिलंही नाही. फोन कुणीच ठेवला नाही. भाजीवाल्या अंकलने त्यांचं स्टूल पुढे सरकवलं, मी त्यावर बसले आणि ती बाई रडत होती तोवर ऐकत राहिले.

तरी माझा हेका बघ. घरी येताना मी मनात म्हणत होते, रडली, ठीक आहे, चांगली माणसं आहेत. पाहुण्यासाठीही माणसं रडतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पास्क्वालेचा पुन्हा फोन. मैत्री माझ्याकडे आली होती, सध्या ती ऑफिसमधून बऱ्याचदा माझ्याकडेच येते. मी फोन स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, नाव नीट सांगा, एकेक अक्षर. त्यांच्याकडे गावातलं कुणी वारलं की काळ्या चौकटीचा कागद छापून भिंतीवर लावतात. कोण गेलं, कुणाचं गेलं, ते गल्लीला कळावं म्हणून. मैत्रीने नाव सांगितलं. मग त्याने विचारलं, "अँड सरनेम?"

माझे कान तापले. म्हटलं, झालं, आलं फिरून. मैत्री माझ्याकडे बघायला लागली. तिने हे सगळं आईकडून ऐकलेलं आहे, तिला कुणी तोंडावर विचारलेलं नाही अजून. ती फोनकडे वाकून म्हणाली, "जस्ट उज्ज्वला. कॅन?"

तो म्हणाला, नुसतं नाव नाही चालणार, कुणाची ते लिहावंच लागतं, नाहीतर माणूस कुठल्या घरातलं गेलं ते लोकांना कसं कळणार. मग मागे असुंताशी त्याचं काहीतरी बोलणं झालं. ती दोनच शब्द बोलली असेल. तो म्हणाला, "ओके. मम्मा नोज." आणि फोन ठेवला.

परवा फोटो आला. बेकरीच्या शेजारची ती भिंत, जिथे आपण उन्हात उभं राहून ब्रेड खाल्ला होता. तीन कागद लावलेत. दोघं गावातली म्हातारी माणसं आणि मधे तू. तेवढ्याच आकाराचा कागद, तशीच काळी चौकट. एक आजोबा काठीवर रेलून वाचताहेत. मैत्रीने फोनवर भाषांतर लावून मला एकेक ओळ वाचून दाखवली. वर मोठ्या अक्षरांत उज्ज्वला. खाली, आडनावाच्या जागी, 'शिडीवाल्यांची'. त्याखाली, घरच्यांना आणि गल्लीला अतिशय दुःख होत आहे.

मैत्री म्हणाली, "आंटी, दे पुट हर ऑन द वॉल. विथ देअर ओन पीपल." आणि तू गेल्यापासून जे पोरगी दाबून बसली होती ते सगळं बाहेर आलं. मी तिला जवळ घेतलं, पण खरं सांगू? मला रडू नाही आलं. मी उठून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. लागलं, लागलं, उज्ज्वलाचं नाव लागलं! श्रीकांत आतून धावत आला, काय झालं, कसला निकाल लागला? नवरे मेले नेहमी उशिरा येतात. त्याला फोटो दाखवला. तो चष्मा पुसायला आत गेला.

आणि तरीही, तुला माहीत आहे मी कशी आहे, आज सकाळपर्यंत माझं एक मन म्हणत होतंच की कागद तो शेवटी. चांगुलपणाने छापला. तू असतीस तर म्हणाली असतीस, शुभे, तुला अजून किती पुरावे पाहिजेत? म्हणून आज दुपारी मी आभार मानायला फोन केला. तिकडे सकाळ होती. बोलता बोलता सवयीने विचारलं, "आई कशी आहे? आज काय केलंय जेवायला?"

पास्क्वाले म्हणाला, काही नाही. रविवारपासून आमच्या घरात चूल पेटलेली नाही. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे स्वयंपाक करत नाहीत. गल्ली जेवण आणून देते. रोज एकेका घरातून पातेलं येतंय. काल तर इतकं आलं की संपेना.

तो हे इतकं सहज सांगत होता, जणू यात सांगण्यासारखं काय आहे. आणि मी फोन हातात धरून आपल्या ओट्याकडे बघत होते. तू गेलीस त्या संध्याकाळी माझ्या घरी कुकर लागला होता, उज्ज्वला. त्यात चुकलं असं नाही. तू माझी मैत्रीण, आणि आपल्याकडे मैत्रिणीसाठी चूल बंद ठेवत नाहीत, घरच्यांसाठी ठेवतात. मला तसं सुचलंही नव्हतं. तिथे, जिथे तू त्या पांढऱ्या केलेल्या घरात एक रात्रही झोपली नाहीस, तिथल्या एका म्हातारीला ते सुचवावंही लागलं नाही.

हरले गं मी. मिरचीचा वाद हरले, आणि हा मोठा तर पार हरले. आयुष्यात कुठल्या हरण्याचा इतका आनंद झाला नसेल मला. तू समोर असतीस तर टेबलावर हात आपटून म्हणाली असतीस, बोल आता! आणि दुसरी कॉफी आणायला मी उठले असते.

संध्याकाळी मी गॅसला हात लावला नाही. श्रीकांत चहा म्हणाला, मी म्हटलं, नाही, आज नाही. मैत्री आली, तिला सांगितलं, तीही माझ्याशेजारी येऊन बसली. दार उघडंच होतं. शेजारच्या मलाय मावशी कपडे काढायला बाहेर आल्या, आत डोकावून म्हणाल्या, या वेळेला तुझ्याकडे फोडणीचा वास येतो. "टुडे नो कुकिंग, आह? समवन सिक?"

मी म्हटलं, नाही, माझ्या घरातलं माणूस गेलंय.

त्यांनी मैत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कपडे तसेच कठड्यावर टाकून त्या घरात गेल्या आणि गरम भाताचं पातेलं घेऊन आल्या.